सहा टक्के

"बिऱ्हाडेबाई, तुम्ही आज स्टोअरला बसा."

"का, सर?"

"कमिटी येतेय ना. ते लोक इंग्रजीत विचारणार. तुमची पंचाईत, वर आमची पंचाईत. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

ही २०१६ सालची गोष्ट. सुलक्षणा बिऱ्हाडे तेव्हा धुळ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक होत्या. बोलत होते ते मराठीचे प्राध्यापक योगेंद्र देवरे, ग्रंथालय समितीचे अध्यक्ष. कॉलेजला दर्जा द्यायला बाहेरगावाहून तपासणी समिती आली होती. बाईंनी त्या दिवशी मोरपंखी साडी नेसली होती. आदल्या दिवशी पुस्तकांच्या सूचीच्या कार्डांचे एकूण एक खण पुसून लख्ख केले होते. त्या निमूट स्टोअरमध्ये गेल्या. मागून सरांनी दार ओढलं, कडी घातली, आणि समितीतलं कुणी चुकून आत डोकावायला नको म्हणून कडीला कुलूप लावलं.

अर्ध्या तासाचे साडेचार तास झाले.

स्टोअरला खिडकी नव्हती. छताजवळ एक झरोका होता, त्यातून पलीकडचं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. समितीतल्या एक मॅडम खण ओढत होत्या. खण ओढल्याचा आवाज बाईंना झोपेतसुद्धा ओळखू आला असता.

"सुंदर काम आहे हो हे. किती कार्डं असतील?"

"एक्केचाळीस हजार, मॅडम."

"कुणी केली?"

"आमच्या तरुण टीमनं," देवरे सर म्हणाले.

तरुण टीम! अकरा वर्षं एकट्या बाईंनी ती कार्डं टाइप केली होती, 'ळ' अडकणाऱ्या टाइपरायटरवर. प्रत्येक 'ळ' पेनानं घातला होता.

मग पावलं लांब गेली. बाईंनी दार ठोठावलं, हाका मारल्या, पुन्हा ठोठावलं. समिती जेवायला गेली होती आणि अख्खं कॉलेज तिच्यामागे. तिसऱ्या तासाला बाईंना राहवेना. कोपऱ्यात आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली होती. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, मोरपंखी साडी, आणि ती बादली. पुढचं सांगायला नको.

संध्याकाळच्या सुमाराला दाराशी चपला वाजल्या.

"कोन शे रे मजार?" आत कोण म्हणून विचारणारा तो शिपाई धनसिंग होता.

"मी आहे, धनसिंगभाऊ. किल्ली आणा."

दार उघडलं. धनसिंगनं बाईंकडे पाहिलं, मग बादलीकडे. बादली उचलून मागच्या दारानं बाहेर गेला, धुऊन आणली, नवी वाळू भरून जागेवर ठेवली. "ताई, साहेब लोक बठ्ठा गयात. तुमी घर जा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये देवरे सरांनी कपाळावर हात मारला. "अरे हो! बिऱ्हाडेबाई! विसरलोच की मी. ओरडायचं नाही का हो?" आणि हसले. सर हसले म्हणून बाकीचे हसले. बाईंनी प्रत्येक हसणारा चेहरा पाहून घेतला, आणि मग त्यातला एकच ठेवून बाकीचे सोडून दिले. इतक्यांचा राग धरायचा तर आयुष्य पुरलं नसतं. एकाला पुरण्यासारखं होतं.

*

सुलक्षणाबाई दोंडाईच्याच्या. वडील पितांबर स्टेशनवर हमाली करायचे. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण गाडीच्या डब्यात लोक टाकून गेलेली मासिकं, पेपर, फाटकी पुस्तकं ते गोळा करून आणायचे. "बघ पोरी, काय लिखेल शे?" पोरगी वाचायची. बहुतेकांना पहिली पानं नसायची, काहींना शेवटची. एका गोष्टीत विहिरीत पडलेला माणूस वर आला की नाही हे तिला आजतागायत कळलेलं नाही. कॉलेजात शिकायला आली आणि पहिल्यांदा ग्रंथालय पाहिलं, तेव्हा तिला सगळ्यात नवल वाटलं ते याचं की इथल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर आहे आणि प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जागेवर आहे. तिथेच तिनं ठरवून टाकलं.

ती १९९४ साली नोकरीला लागली. लग्न झालं. नवरा रविंद्र दीपनगरच्या वीज केंद्रात. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. ग्रंथालयशास्त्राची पदवी तिनं बाहेरून केली. वाचकांना पुस्तकं द्यायची, परत आलेली लावायची, नवीन आली की शिक्के मारायचे, दाखल नोंदवहीत चढवायची. वीस-बावीस वर्षं काम हेच होतं आणि ते बाईंच्या हाताला माहीत होतं.

कोंडण्याच्या प्रकारानंतर दोन वर्षांत सगळंच उलटंपालटं झालं. कॉम्प्युटर आले. पुस्तकांच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचे बारकोड बसले. दारावरची 'ग्रंथालय' ही पाटी उतरून 'ज्ञान संसाधन केंद्र' अशी चढली. एक दिवस टेम्पो आला आणि कार्डांचे खण त्यात चढू लागले.

"सर, हे कुठे नेताय?"

"सागवान आहे, बाई. प्राचार्यांच्या केबिनला पॅनेलिंग होतंय."

"आणि कार्डं?"

"कार्डांचं काय करायचंय आता? तुमचं काम आता मशीन करतं. तुम्ही आराम करा. एसी लावलाय ना तुमच्यासाठी?"

बाईंनी आराम केला नाही. बाई जळगावला गेल्या. तिथे तीन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं: ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, ई-जर्नल, संशोधनाची साम्य-तपासणी. वर्गात सगळी तिशीच्या आतली मुलंमुली. त्यातल्या एकीनं बाईंना पहिल्या दिवशी चहाचं विचारलं, तिला वाटलं ह्या चहावाल्या मावशी. बाईंनी तिला चहा आणून दिला आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. ती पोर तीन आठवडे मान वर करेना. मग तिच्याकडूनच बाई सगळं शिकल्या. शिकण्याची आवड, काळाबरोबर बदलणं, असलं काही कुणी म्हणत असेल तर म्हणो. बाई रागानं शिकल्या. रोज बसमध्ये खिडकीशी बसायच्या, पारोळं आलं की वही उघडायच्या, आणि एकेक पायरी पाठ करताना डोळ्यांपुढे कपाळावर हात मारणारा तो माणूस आणायच्या. पाठांतराला ह्याच्यासारखं औषध नाही.

२०२२ साली जुने ग्रंथपाल निवृत्त झाले. नवीन भरतीवर बंदी होती. कॉलेजकडे पदवी असलेलं आणि ती सगळी यंत्रं चालवता येणारं एकच माणूस होतं. सुलक्षणा बिऱ्हाडे प्रभारी ग्रंथपाल झाल्या. पगार तोच, खुर्ची बदलली. आणि त्या खुर्चीबरोबर एक नवं काम आलं, जे जुन्या ग्रंथपालांच्या स्वप्नातही नव्हतं.

आता पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी यंत्रातून जातो. यंत्र सांगतं, ह्यातलं किती दुसरीकडून उचललंय. दहा टक्क्यांपर्यंत ठीक. त्यावर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावर ग्रंथपालाची सही. बाईंची सही झाल्याशिवाय कॉलेजमधला एकही प्रबंध फाटकाबाहेर पडत नव्हता. वीस वर्षांत ज्यांनी बाईंचं नाव घेतलं नव्हतं, ते प्राध्यापक पेढे घेऊन यायला लागले. "ताई, जरा बघा ना, अकराचं नऊ होतंय का?"

"नाही होत," बाई म्हणायच्या. "पेढे धनसिंगभाऊंना द्या."

आणि मग २०२३च्या जूनमध्ये एक दिवस देवरे सर आले.

*

"ताई!"

बाईंनी आधी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी ताई उभी आहे की काय म्हणून.

"ताई, आमचा प्रबंध. अखेर झाला एकदाचा." त्यांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधली गाणी. चार वर्षांची वणवण आहे ही, ताई. प्राचार्यपदाची जाहिरात निघणार आहे, माहीतच आहे तुम्हाला. पीएच.डी.शिवाय अर्ज करता येत नाही. तेवढं आजच्या आज..."

बाईंनी प्रबंध यंत्राला दिला. शून्य टक्के.

"वा!" सर म्हणाले.

"शून्य कधीच येत नाही, सर." बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत होती. "जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. यंत्राला हे मराठी म्हणून दिसतच नाही. युनिकोडमध्ये आणा."

"तीनशे बारा पानं आहेत, ताई!"

"हो ना. चांगलाच वेळ लागेल."

बाईंना मनातून गोड वाटलं. सूड म्हणायला अगदीच फुटकळ, पण चव लागली. टायपिस्टनं सगळं पुन्हा केलं. पंधरा दिवसांनी सर परत आले, घामाघूम. बाईंनी पुन्हा यंत्राला दिलं. सहा टक्के.

"आता?"

"उद्या या. मला वाचायचाय."

"वाचायचाय? तुम्हाला? नियमात आहे का तसं?"

"नाही. आवड म्हणून."

सर हसले. गेल्यावर बाईंनी वाचायला घेतलं. त्यांना काहीतरी सापडायला हवं होतं, एखादी चुकलेली तारीख, एखादं उचललेलं पान, काहीही. एकशे चाळीस पानं झाली. काही नाही. उलट लिखाण सुरेख होतं आणि त्यानं बाई आणखी चिडल्या. मग एकशे त्रेचाळिसाव्या पानावर हे आलं:

'१४ नोव्हेंबर २०१९. गुंताबाई पावरा ओट्यावर नागली पाखडत बसल्या होत्या. तिसऱ्या कडव्यापाशी त्यांनी गाणं थांबवलं, कारण शेळी दाव्यातून सुटली होती. शेळी परत बांधेपर्यंत त्या चाल विसरल्या, आणि मग हसत म्हणाल्या की हे कडवं शेळीनं खाल्लं.'

बाईंनी चष्मा काढला. पुसला. घड्याळात सव्वातीन वाजले होते. हे कडवं शेळीनं खाल्लं. हे वाक्य त्यांनी आधी वाचलं होतं. ह्याच खोलीत वाचलं होतं, आणि वाचून मोठ्यानं हसल्या होत्या, आणि समोर बसलेली ललिता लाजली होती.

ललिता पावरा. शिरपूरच्याही वर, पायथ्याच्या गावातली पोरगी. १९९८-९९ साली एम.फिल.साठी ग्रंथालयात दोन वर्षं ठिय्या मारून बसलेली. शेवटची एसटी चुकली की बाईंकडेच जेवायची, झोपायची. तिच्या लघुप्रबंधाची पानं बाईंनीच तपासून दिली होती.

देवरे सरांनी तारखा बदलल्या होत्या. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचं दोन हजार एकोणीस केलं होतं. शेळी तशीच ठेवली होती.

बाई उठून दाखल नोंदवहीकडे गेल्या. ललिताच्या प्रबंधाचा नंबर सापडला. पुढे लाल शाईत लिहिलं होतं: 'निर्लेखित, २०२१'. म्हणजे जुनं-खराब म्हणून नोंदीतून काढलेलं, रद्दीत घातलेलं. बाईंनी ती यादी काढली. तीन हजार नावांत परीक्षेची जुनी गाईडं, फाटके शब्दकोश, आणि मध्येच हा एकच एक प्रबंध. खाली अध्यक्षाची सही: यो. देवरे. आणि त्याच्या खाली, तीन हजारांतलं एकही नाव न वाचता ऑगस्टच्या दुपारी घाईत केलेली, स्वच्छ गोलाकार सही: सु. पि. बिऱ्हाडे.

"माझ्याच हातानं," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "माझ्याच हातानं करून घेतलं ह्यानं."

*

विद्यापीठात दुसरी प्रत असणार होती, पण ती मागायची तर अर्ज करायला हवा, आणि अर्ज म्हणजे बातमी. त्यापेक्षा पिंपळनेर बरं. ललिता तिकडे एका आश्रमशाळेत शिक्षिका होती. सरांना 'अजून वाचतेय' म्हणून थांबवलं आणि रविवारी बाईंनी एसटी पकडली.

ललितानं सगळं ऐकून घेतलं. मग आत गेली आणि प्रत घेऊन आली, निळ्या कापडी बांधणीची. दोघींनी पानं शेजारी शेजारी ठेवली. एका पानाला मिनिटही लागलं नाही.

"ताई, एक सांगू? देवरे सरांकडे मी पीएच.डी.साठी सल्ला विचारायला गेले होते. दोन हजार पाचला. हीच प्रत दाखवली. म्हणाले, लेखन कच्चं आहे, बाई, शाळेत शिकवा, सुखी राहाल."

"आणि गुंताबाई?"

"माझी आजी. तुम्हाला माहीत नव्हतं? दोन हजार तीनला गेली." ललिता पानावर बोट ठेवून बसली. "मेल्यावर सोळा वर्षांनी त्यानं तिला नागली पाखडायला बसवलं." तिनं प्रत मिटली. "उद्याच तक्रार करू, ताई. मी लिहून देते."

"नाही."

"म्हणजे?"

"आत्ता तक्रार केली की काय होईल, सांगू? मी रोज बघते. म्हणतील, नजरचुकीनं संदर्भ द्यायचा राहिला. सहा महिने देतील. तो तुझं नाव तळटीपेत बारीक अक्षरात घालेल, दोन प्रकरणं बदलेल, आणि पुन्हा माझ्याकडे सहीला येईल. पेढे घेऊन."

"मग?"

"मी सही करते. सहा टक्के आलेत, सहा लिहिते, खोटं काही नाही. प्रबंध जाऊ दे. परीक्षकांकडून येऊ दे. जळगावला खुली मौखिक परीक्षा होते, तिथे कुणीही बसू शकतं, कुणीही प्रश्न विचारू शकतं. तो सगळ्यांना घेऊन येईल. शाल, हार, फोटोवाला. तिथे तू उभी राहा."

"इतके महिने मी गप्प बसू?"

"मी सात वर्षं बसलेय."

"तुमचं काय आहे त्याच्याशी?"

बाईंनी पहिल्यांदा कुणालातरी बादलीचं सांगितलं.

*

सही झाली. प्रमाणपत्र घेताना देवरे सरांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "ताई, तुमचे उपकार आहेत. मी प्राचार्य झालो ना, की पहिली सही तुमच्या प्रस्तावावर. प्रभारी हा शब्द काढून टाकायचा. पूर्ण ग्रंथपाल. पाटी लावू दारावर."

ही बाईंची दुखरी जागा होती. तीस वर्षांच्या नोकरीत एवढं एकच त्यांनी मागितलं होतं, तीन वेळा अर्ज करून. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आणि हे देणं खरोखरच त्या माणसाच्या हातात येणार होतं.

शनिवारी रविंद्रला सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला.

"तू काहीच करायचं नाहीस, एवढंच ना? गप्प बसलीस तरी पद मिळतंय?"

"हो."

"मग बस की गप्प. त्या ललिताचं वाईट झालं, मान्य. पण पंचवीस वर्षांनी कोण विचारतं? तुझ्या नावाची पाटी लागेल, सुलक्षणा. पितांबरमामांना काय वाटलं असतं बघ."

"ती पाटी त्यानं लावलेली असेल, रविंद्र."

"कुणी का लावेना!"

"तुला ते नाही कळायचं."

"तू सांगितल्याशिवाय कसं कळेल? काय केलंय त्यानं तुला एवढं?"

बाईंनी त्याच्या ताटात आमटी वाढली. नवऱ्याला ते सांगणं त्यांना जमलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. रविंद्र मात्र पुढचे सगळे शनिवार तेच बोलत राहिला, आणि त्यातल्या एखाद्या शनिवारी बाईंना ते पटायचंसुद्धा. सोमवारी कॉलेजात गेलं की सर कॉरिडॉरमध्ये भेटायचे, "काय ताई!" म्हणून खांद्यावर थाप मारायचे, आणि शनिवारचं सगळं पुसून जायचं.

*

मौखिक परीक्षा फेब्रुवारीत लागली. देवरे सरांनी धुळ्याहून मिनीबस केली होती. हार होते, पुष्पगुच्छ होते, परीक्षेनंतरच्या भरीत-भाकरीची ऑर्डर पाळधीजवळच्या ढाब्यावर दिलेली होती. बसमध्ये बाईंना पुढची जागा मिळाली. "ताईंना खिडकी द्या रे!"

ललिता जळगावला परस्पर आली होती. दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर पिशवी. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

सर चाळीस मिनिटं बोलले. छान बोलले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मान डोलावत होत्या. चार प्रश्न झाले, चार उत्तरं झाली. फोटोवाला पुढे सरकला. परीक्षक बाई म्हणाल्या, "सभागृहातून कुणाला काही?"

सगळे उठायच्याच तयारीत होते.

"मला विचारायचंय," ललिता म्हणाली.

"विचारा ना."

"सर, गुंताबाईंना तुम्ही कधी भेटलात?"

"एकोणीस साली. नोव्हेंबर. दिलंय आत."

"तुम्ही स्वतः भेटलात?"

"अर्थात! त्यांच्या ओट्यावर बसून गाणी घेतलीत मी."

"कशा दिसायच्या हो त्या?"

"वयस्कर. म्हणजे... कष्टाळू, काटक बाई. गोड गळा."

"आणि शेळीचा रंग?"

सभागृह हसलं. सरही हसले. "शेळीचा रंग प्रबंधात नाहीये, मॅडम."

"नाहीये, कारण मी तो लिहायचं विसरले होते. काळी होती. एक कान पांढरा." ललितानं पिशवीतून निळी प्रत काढली, चालत पुढे आली आणि परीक्षक बाईंसमोर ठेवली. "गुंताबाई माझी आजी. दोन हजार तीनला वारली. हा माझा एम.फिल.चा प्रबंध, नव्व्याण्णव सालचा. पान सत्तावन्न. त्यांचं पान एकशे त्रेचाळीस. पुढचंही जुळवून बघा, मी थांबते."

परीक्षक बाईंनी दोन्ही उघडले. एक पान उलटलं. दुसरं. मग एकदम दहा पानं. सभागृहात फक्त पानांचा आवाज होता. देवरे सरांनी कपाळाला हात लावला, अगदी तसाच, स्टाफरूममध्ये लावला होता तसा, पण ह्या वेळी हसायला कुणी नव्हतं.

"ह्याची ग्रंथालयात तपासणी झालेली आहे!" ते ओरडले. "प्रमाणपत्र आहे! सहा टक्के! बिऱ्हाडेबाई, सांगा ना! सांगा ह्यांना!"

बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहत राहिल्या. त्याच्या डोळ्यांत आधी विनवणी होती, मग राग, मग हळूहळू ते त्याला कळलं. त्याला ते कळताना बघायचं, ह्यासाठीच बाई पारोळ्यापासून वही उघडत आल्या होत्या.

मिनीबस रिकामीच धुळ्याला परत गेली. लोक मिळेल त्या गाडीनं पांगले. बाहेर झाडाखाली ललिता बाईंना म्हणाली, "ताई, खरं सांगा. मला आठ महिने गप्प ठेवलंत. आजीसाठी की तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठी."

ललितानं मान हलवली. रागावली असेल, नसेलही. "माझी प्रत आत राहिली. ती मला परत हवी," म्हणाली, आणि ती आणायला एकटीच आत गेली.

*

चौकशी एप्रिलमध्ये झाली. देवरे सर निलंबित होते. प्राचार्यपदाचा विषय संपलाच होता. आता प्रश्न ग्रंथपालाचा होता. तीन जणांची समिती, प्राचार्यांची केबिन, सागवानी भिंती. अध्यक्ष होते संस्थेचे जुने विश्वस्त रतिलालशेठ, भला माणूस, बाईंना वीस वर्षं ओळखणारा. कोपऱ्यात कारकून जबाब लिहून घेत होता.

"बसा, ताई. घाबरू नका. हे प्रमाणपत्र तुमच्या सहीचं?"

"हो."

"आणि जुना प्रबंध रद्दीत काढला, त्या यादीवरही?"

"माझीच सही. न वाचता केली. चूक झाली."

"ते लिहून घेऊ. घाईत होतं असं." शेठ पुढे झुकले, आवाज खाली आणला. "आता प्रमाणपत्राचं. यंत्रात जुनं मराठी नसतं, त्यामुळे तुमच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. बरोबर? एवढं म्हणा, विषय मिटला. तुमचं प्रभारीपद राहतं. प्रस्तावही मी पुढे रेटतो, शब्द देतो."

कारकुनाचं पेन तयार होतं. केबिनमध्ये पंखा फिरत होता. बाईंना वाटलं, म्हणून टाकावं. रविंद्रही हेच म्हणाला असता. आणि मग त्यांना दिसलं की असं म्हटलं तर जळगावात जे घडलं ते नुसतं घडलं असं होईल. एक बाई कुठूनशी आली, तिनं प्रश्न विचारला, आणि देवरे सरांचं नशीब फुटलं. कागदावर तेवढंच राहील. निलंबनात घरी बसून तो माणूसही तेच म्हणेल: बिऱ्हाडेबाईंना बिचारीला काय कळणार होतं.

"माझ्या लक्षात आलं होतं," बाई म्हणाल्या.

"ताई..."

"सही करायच्या आधी आलं होतं."

शेठांनी चष्मा काढला. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं तर त्यांनी दुरुस्त केलं असतं."

कारकुनानं पेन उचलून धरलं होतं. "हे... असंच लिहू, शेठ?"

शेठ बाईंकडे पाहत होते. "ताई, हे लिहिलं की मला काही करता येणार नाही. तुम्हाला पुन्हा देवघेवीच्या खिडकीवर बसवतील. निवृत्तीपर्यंत."

"बसेन. लिहा तुम्ही."

कारकून लिहू लागला. बाई त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या, त्या कुठलाही मजकूर वाचायच्या तशा, पहिल्या अक्षरापासून.

"इथे तारीख घाला," त्या म्हणाल्या. "मला कळलं त्याची. सव्वीस जून, दोन हजार तेवीस. आणि वेळही घाला. दुपारी सव्वातीन."